ओला ब्रश

बेसिनवरच्या पेल्यात आमचे चार ब्रश उभे असतात. आज दाढी करताना सहज लक्ष गेलं. आम्हा तिघांच्या ब्रशांचे केस पिंजारलेले आणि आईचा मात्र दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. ओला, पण कोरा. सहा महिन्यांपूर्वी तिची तंबाखूची मिश्री मीच मोठ्या तोऱ्यात फेकून दिली होती आणि हा ब्रश तिच्या हातात ठेवला होता.

"आई, तू ब्रश वापरत नाहीस?"

ती ओशाळली. "टोचतो रे. हिरड्यांतून रक्त येतं. तुला वाईट वाटू नये म्हणून रोज भिजवून ठेवते."

मुलीचा ब्रश मी डॉक्टरांना विचारून, मऊ बघून घेतला होता. आईसाठी हाताला लागला तो उचलला. हल्ली ती भाकरी दुधात कुस्करून खाते, ती मला तिची आवड वाटली होती. काळजीही पाण्यासारखी उताराकडेच धावत असावी, मुलांकडे. आईकडे ती चढवावी लागते. लेकीला रोज म्हणतो, तेच आज आईला म्हणालो,

"आ कर बघू."

तिने पदराने तोंड झाकलं.

"नको रे, वास येईल तुला."