हळदीचा ड्रम थांबताना

मोटरचा वेग सांभाळणारी ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्याकडं किस्से भंगारासारखे साचतात. फेकवत न्हाईत, अन् हात लावला की कापतात! माझे निम्मे हिंगोलीजवळच्या गोरेगावकडच्या एकाच हळद मिलचे. आजही आठवलं की डोकं फिरतं.

* * *

शेठचा फोन. “पॉलिशच्या ड्रमचं ड्राइव्ह सारखं बंद पडून राहिलं!”

“स्क्रीनवर काय येतंय?”

“इंग्रजी येतंय!”

हिंगोलीहून गाडी हाकत गेलो. स्क्रीनवर ओव्हरव्होल्टेज, म्हणजे व्होल्टेज जास्त झालेलं. विचारलं, “ड्रम फिरताना पडतं का थांबवताना?” शेठ अन् मॅनेजर एकमेकांची तोंडं बघत बसले.

मागून ऑपरेटर गणपतमामा म्हणाले, “थांबवताना.”

“तुला काय कळतं?” शेठ खेकसले. वीस वर्षं त्या ड्रमवर घालवलेल्या माणसावर!

* * *

पुढच्या खेपेला गेलो तर भर दुपारी मिलमधले सगळे दिवे, पंखे चालू.

“व्होल्टेज जास्त झालं म्हणालात ना?” मॅनेजर. “मंग खर्च करून राहिलो!”

कपाळावर हात मारला.

* * *

मग शेठच्या जावईबापूंनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. ड्रम थांबायचा टाइम ड्राइव्हमध्ये एका मिनिटाचा पाच सेकंद केला! अहो, उतारावरची भरली बैलगाडी तरी अशी थांबते का? मी टाइम पूर्ववत केला. शिव्या मात्र मामांनी खाल्ल्या. म्हणे, बटन जोरात दाबतात!

* * *

तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. थांबता थांबता ड्रम उलटी वीज ड्राइव्हकडं ढकलतो. ती तापून जाळायला पॅनेलवर जाळीच्या डब्यातला रेझिस्टर असतो. वर चढून बघतो, तर डबाच गायब! पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं, ही चूक माझी.

“गणपत्यानंच भंगारात इकला!” शेठ ओरडले. “उद्यापासून येऊ नको!”

मामांनी गुमान जेवणाचा डबा पिशवीत भरला. मला म्हणाले, “दादा, आजवर एक हळकुंड घरी नेलं न्हाई.”

माझी सणकलीच. शेठच्या मागं केबिनात घुसलो. “आत्ता झडती घ्या सगळ्या मिलची!” म्हणत खुर्चीत बसलो, अन् पायाला असा चटका बसला की बोंबललोच. वाकून बघितलं. टेबलाखाली जाळीचा डबा, वायरी जोडून बोर्डात पिन खोचलेली!

“हा व्हय?” शेठ म्हणाले. “वर फुकट तापून वीज खाऊन राहिला होता. थंडीचं म्याच आणला पायाशी.”

दारात पिशवी घेऊन मामा उभे होते.

“मंग शेठ,” ते म्हणाले, “उद्यापासून येऊ नये ते कोणी?”