शेवगा, हळद आणि कोरी ओळ

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या घराण्याचं ब्रीद आहे. निदान माझं तरी आहे. घराण्याला मी ते अजून कळवलेलं नाही.

प्रश्न आईच्या गुडघ्यांचा होता. नातीला नोकरी लागली तर लेण्याद्रीच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढेन, असा नवस तिनं केला होता. नोकरी लागली. (अभ्यास केल्यामुळे लागली, असं नातीचं मत आहे, पण तिला कुणी विचारलं नाही.) गणपतीनं आपलं काम चोख केलं होतं आणि इकडे आईला महाळुंगे पडवळच्या आमच्या घराचा ओटासुद्धा भिंत धरल्याशिवाय चढवत नव्हता. दोन महिन्यांनंतरची संकष्टी ठरली.

बातमी फुटताच नारायणगावहून दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, हळदीच्या गोळ्यांचा डबा घेऊन आले. ओढ्यापलीकडच्या मळ्यातून माझी चुलती शेवग्याच्या पाल्याची पावडर घेऊन आली. तिचेही गुडघे दुखतात, त्यामुळे ती अधिकारानं बोलते.

"पावणं, हिला पुरावा हाय," दाजी म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. पडद्यावर पांढरा कोट घातलेला एक माणूस रडवेल्या आवाजात हळदीबद्दल बोलत होता.

"आमच्याला बी हाय," काकी म्हणाली. "निरगुडसरच्या एका म्हातारीनं पावडर खाल्ली अन् काठी फेकून दिली."

मी निरगुडसरला जाऊन आलो. म्हातारीनं काठी फेकली होती हे खरं. ती मोडली होती. नवी घेतलेली दाराशी उभी होती.

मग मी रीतसर वाचायला बसलो. हळदीवर माणसांमध्ये प्रयोग झालेले दिसले. पण छोटे, थोड्या दिवसांचे, आणि शेवटी 'आणखी संशोधन हवं' असं म्हणून हात झटकणारे. शेवग्याचं बरंचसं संशोधन उंदरांवर होतं. उंदरांच्या सांध्यांबद्दल मला आता पुष्कळ माहिती आहे.

"मग कंचं घिऊ?" आईनं विचारलं.

मी म्हणालो, आपण ट्रायल घेऊ. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये नवं औषध आलं की घेतो तशीच. एका ओळीला हे, दुसऱ्या ओळीला ते, तिसरी ओळ कोरी. आईला हळद, काकीला शेवगा. कोरी ओळ मी. (ग्रंथपालाची नोकरी बसून केल्यामुळे माझेही गुडघे वाजतात.) दर रविवारी तिघांनी पाटावर बसायचं आणि हात न टेकता उठून दाखवायचं. वही मी आखली.

तिसऱ्या रविवारी आई हात न टेकता उठली. काकीही उठली. मग मी उठलो, तोही सहज. वहीत लिहिताना माझा हात थांबला. कोरी ओळ हिरवी होत होती.

मी बायकोकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती. पीठही हिरवं होतं.

"हे काय?"

"शेवगा. काकींनी दिलाय. अन् हळद तुमच्या दुधात असती."

"अगं, मी कोरी ओळ आहे."

"असं कुठं असतंय का? तुमीच दर साली कोरी ठिवलेल्या ओळीवर संध्याकाळी गुपचूप फवारा मारून येता. बघवत न्हाई म्हणता. मला तरी कसं बघवंल?"

खोदून विचारल्यावर उरलेलंही बाहेर आलं. आपल्याला चांगलं काही मिळालं की जावेला वाटीभर दिल्याशिवाय खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आई रोज गोळ्या घेऊन काकीकडे जात होती, काकी पावडर घेऊन आईकडे येत होती. मला दिसू नये म्हणून दोघी ओढ्याची जवळची वाट सोडून शाळेवरून लांबचा वळसा घेत होत्या. पहिल्या दिवसापासून.

संकष्टीला आम्ही पाचजण लेण्याद्रीच्या पायथ्याशी होतो. आई आणि काकी हळूहळू, वळणावळणाला टेकत, पण आपल्या पायांनी चढू लागल्या.

"हळद," मागून दाजी म्हणाले.

"शेवगा," काकी न वळता म्हणाली.

आता मात्र मला राहवेना. मी चढता चढता समजावू लागलो, की दोघींनीही दोन्ही खाल्लं असल्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट रोजच्या त्या वळशानं पाय मोकळे झाले असण्याचीच शक्यता जास्त.

आई थांबली. "म्हंजी गोळीनं न्हाई?"

"सांगता येत नाही."

"मंग दोन महिनं वहीत काय लिवलंस रं?"

ती पुढे निघाली. मी मुद्दा पुरा करण्यासाठी पावलं उचलली आणि माझा दम संपला. मग उजवा गुडघा संपला. बायकोनं माझ्याकडे एकदा, वरच्या पायऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि डोलीवाल्यांना हाक मारली.

डोलीतून जाताना मी आईला मागे टाकलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. मी पुढच्या डोलीवाल्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. उंदरांवर इतकं वाचलं होतं, या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं.

"भाऊ, गुडघ्यांसाठी तुम्ही काय घेता?"

"सकाळच्याला चा अन् खारी," तो म्हणाला. "बोलू नगा, वझं हलतंय."