थांबवणारं कार्ड

माझ्याकडे खोकंभर कार्डं आहेत, पण प्लॅस्टिकच्या दुहेरी पाकिटात ठेवलेलं कार्ड एकच. त्याच्यावर ड्रॅगन नाही, तलवार नाही, आगीचे लोळ नाहीत. दारासमोर एक म्हातारा हात वर करून उभा आहे, एवढंच चित्र. छापील नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आम्ही खेळणारे त्याला नुसतं ‘थांब’ म्हणतो.

खेळ साधा आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापला गठ्ठा घरून रचून आणायचा. दोघांना वीस-वीस जीव, समोरच्याचे आधी संपवले की डाव आपला. कार्ड खेळताना त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मग ते टेबलावर टेकवायचं. नाव घेतल्यानंतर आणि कार्ड टेकायच्या आत, ज्याच्या हातात ‘थांब’ आहे त्याला ते अडवता येतं. अडवलेलं कार्ड बाद, मग ते कितीही मोठं असो.

मी तळवड्याला एका आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. खोड काढायचाच पगार मिळत असल्यामुळे मला सहसा काही आवडत नाही. पण रावेतच्या ज्या कॅफेत आम्ही दहा-बारा जण रविवारी दुपारी खेळतो, तिथं कार्डांचं नवीन सीलबंद पाकीट फोडताना हे कार्ड निघालं, तेव्हा मी अशी किंचाळले की कॉफी करणारी बाई फडकं घेऊन धावत आली.

काय कार्ड आहे राव! खेळायला शक्ती लागते जेमतेम दोन, आणि आडवं येतं ते दहा शक्तीच्या राक्षसाला. राक्षसवाल्यानं पाच-सहा खेळ्या जमवाजमव केलेली असते, आणि आपण शक्तीच्या दोन टिकल्या सरकवून त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. बाकीची भारी कार्डं लहरी असतात, कुणाला जोडीदार लागतो तर कुणाला योग्य वेळ. हे बिचारं कुठल्याही गठ्ठ्यात, कुठल्याही वेळी कामाला तयार. आठवडाभर मी त्याचं कौतुक ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकवलं. मग तिथं कुणी ऐकेना, तेव्हा घरी ऐकवायला घेतलं, आणि घरी ऐकणारं कुणी नव्हतंच.

म्हणजे आई होती, पण तिला खेळात रस नव्हता. आणि बाबा होते. पण बाबांना ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली त्यांनी, आधी भोसरीत आणि मग चाकणला. पत्रा दाबणाऱ्या त्या अजस्र मशिनींनी निवृत्तीच्या आधीच त्यांचे कान नेले. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते बाबांनी दोन दिवस घातलं, “कानात कुकरची शिटी बसवल्यावानी व्हायलंय” म्हणाले आणि फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात टाकून दिलं. त्यानंतर रुपीनगरच्या आमच्या दोन खोल्यांत बोलणं उरलं ते ओरडून बोलण्याइतकंच. जेवायला चला. गोळी घेतली का. साखर कमी घ्या. पूर्वी हाच माणूस ताटावर बसून सुपरवायझरची नक्कल करायचा आणि हसून हसून आईला ठसका लागायचा. मला बाबांची फार आठवण यायची, आणि ते माझ्यासमोरच बसलेले असायचे.

एका संध्याकाळी मी दिवाणावर गठ्ठा लावत होते. बाबांनी ते दुहेरी पाकिटातलं कार्ड उचललं, पेपर वाचायचं भिंग आणलं आणि कार्ड उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिलं. कारखान्यात नवीन जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हातात आला की ते असंच बघत असणार.

“काय करतंय हे?” त्यांनी विचारलं.

मी दोनदा ओरडून सांगितलं. मग कॅलेंडरचं जुनं पान पालथं केलं, त्यावर खेळाचे नियम लिहिले आणि खाली कार्डावरचा मजकूर मराठीत: समोरच्यानं नाव घेतलेलं कार्ड टेकायच्या आत थांबवा.

बाबांनी ते सावकाश वाचलं. “थांबवावंच लागतंय का?”

मी इंग्रजी पुन्हा पाहिलं. तिथं तसं नव्हतं. मी खोडून लिहिलं: थांबवू शकता. दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणारी मी, एका ओळीत पकडले गेले होते.

“मग हितंच जोर हाय त्याचा,” बाबा म्हणाले. “थांबवलं तर एक कार्ड अडतंय. न्हाई थांबवलं तर समोरचा डावभर बिचकून खेळतोय. प्रेस थांबवायचं लाल बटन बग. आठ-आठ दिवस कुनी दाबत न्हाई. पन ते हाय म्हनून आमी मधी हात घालतोत.”

इतकी वाक्यं सलग त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत आली नव्हती. आणि बोलले ते अगदी बरोबर बोलले. मी आठवडाभर त्या कार्डाची किंमत ते काय अडवतं यावरून करत होते. नुसतं हातात असण्याचा त्याचा धाक माझ्या हिशेबातच नव्हता.

तीन संध्याकाळी बसून बाबा खेळ शिकले. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि थोडा रागही येत होता, कारण मला शिकायला दोन महिने लागले होते. पण ‘थांब’ त्यांच्या हातात आलं की घोळ व्हायचा. मी नाव घ्यायची, त्यांना ते ऐकू जायचं नाही, आणि माझं कार्ड टेबलाला टेकून मोकळं व्हायचं. सगळ्यात ताकदवान कार्ड हातात घेऊन माझा बाप हरत होता. मला राहवेना. चौथ्या दिवशी मी नाव घेऊन कार्ड हवेतच धरून ठेवलं, त्यांचं लक्ष जाईपर्यंत.

त्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. “माज्यासाठी थांबू नगंस,” म्हणाले, पत्ते खाली ठेवले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई मला म्हणाली, “कशाला त्यांना खेळवतेस?” मला स्वतःचाच इतका राग आला की मी न जेवता बसले. वाटलं, झालं, संपलं. आता हे परत गप्प होणार.

पण शनिवारी चहा पिताना बाबा म्हणाले, “उद्या मी बी येतो तिकडं.”

प्रेस शॉपमधली एक गोष्ट इथं सांगायला हवी. तिथं कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. अंगठा ओठाला म्हणजे चहा, टोपीला दोन टिचक्या म्हणजे साहेब येतोय, आणि डोक्यावर वळलेली मूठ म्हणजे मशीन थांबव. आमच्या घरातही ती भाषा आली होती. ताटात भात पुरे झाला की आम्ही सगळेच मूठ वर करायचो.

कॅफेत बाबांसमोर बसला वाकडचा एक दातांचा डॉक्टर. माणूस सज्जन, पण खेळात पक्का, आणि कार्डांची नावं तोंडातल्या तोंडात घेणारा. मूठ म्हणजे ‘थांब’ हे डॉक्टरला सांगून मी बाबांच्या मागे उभी राहिले. तिसऱ्याच खेळीला त्यांच्या हातात ‘थांब’ आलं. बाबा डॉक्टरच्या हातांकडे टक लावून बघत होते. डॉक्टरनं एक कार्ड नुसतं उचललं, आणि बाबांची मूठ वर गेली.

“काका, मी अजून नावच घेतलं नाही,” डॉक्टर म्हणाला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नव्हे, पण हसलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. मी नियम ओरडून सांगायला तोंड उघडलं, तर तीच मूठ त्यांनी माझ्यासमोर धरली.

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक डबी काढली. आत ते मशीन होतं. त्यांनी ते उजव्या कानात बसवलं, त्याची बारीक शिट्टी आम्हाला सगळ्यांना ऐकू आली, मग थांबली. मशीनच्या नव्या सेलवरून सोलून काढायचा केशरी स्टिकर त्यांच्या बाहीला चिकटलेला मला तेव्हा दिसला. म्हणजे सकाळी घरीच त्यांनी कुणाला न सांगता नवा सेल घातला होता.

“हां,” ते डॉक्टरला म्हणाले. “आता बोला. हळूच बोला, मशीन घातलंय.”

तिथून पुढचा तो डाव मी आयुष्यात विसरणार नाही. डॉक्टरनं तीन कार्डांची नावं घेतली, तिन्ही बऱ्यापैकी होती. मी असते तर पहिल्यालाच अडवलं असतं. बाबांनी प्रत्येक वेळी मान किंचित उजवीकडे वळवून नाव ऐकलं आणि जाऊ दिलं. त्यांचे जीव कमी होत होते, पण ते हातातलं कार्ड हलवत नव्हते. डॉक्टरला संशय आला असावा, तो प्रत्येक नावानंतर घुटमळायला लागला. शेवटी त्यानं डावभर जपलेला ड्रॅगन काढला आणि त्याचं नाव नेहमीसारखंच पुटपुटला.

मूठ वर गेली. आणि मुठीबरोबर आवाजही आला, “थांब.”

डॉक्टरनं ड्रॅगन बाद पत्त्यांत ठेवला आणि दोन्ही हात जोडले. बाबा तो डाव हरले, दोन जीव कमी पडले. पण डॉक्टरच म्हणाला, “काका, अजून एक,” आणि बाबा खुर्ची पुढे ओढून पिसायला लागले.

परत येताना भक्ती-शक्ती चौकात सिग्नलला गाडी थांबवली. सवयीनं मी मान मागे वळवून ओरडले, “बाबा, चहा घ्यायचा का?” शेजारच्या रिक्षातली माणसं बघायला लागली.

हेल्मेटच्या काचेसमोर मागून एक मूठ आली.

“वरडू नगंस,” बाबा म्हणाले. “ऐकू यायलंय मला.”

मला खूप काही बोलायचं होतं, पण त्यांच्याशी हळू आवाजात कसं बोलायचं तेच मी विसरून गेले होते. सिग्नल सुटेपर्यंत डोळे पुसत मला एवढंच सुचलं, तेही अगदी हलक्या आवाजात, “साखर कमी घ्या.”

“आं? ऐकू न्हाई आलं,” बाबा म्हणाले, आणि माझ्या पाठीमागे मोठ्यानं हसले.