परकोटाची खिडकी

बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला मी आधी खिडकी म्हणजे काय ते समजावून सांगतो. चंद्रपूरच्या जुन्या वस्तीभोवती गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट आहे. त्याला हत्ती जाईल असे मोठे दरवाजे आहेत आणि मधे मधे माणसाने पायी निघून जावं एवढ्या लहान वाटा आहेत. त्या वाटांना आम्ही खिडकी म्हणतो. घराला असते तीही खिडकीच. बोलणं कोणत्या खिडकीचं चाललंय, हे इथल्या माणसाला आपोआप कळतं.

आमचं घर परकोटाला खेटून आहे. मागच्या खोलीची भिंत आणि परकोट यांच्यात हातभर बोळ, बस्स. उन्हाळ्यात तो दगड दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सगळी धग आमच्याकडे सोडतो. घर वाढवता येत नाही, पाडून बांधता येत नाही. ऐतिहासिक वास्तूच्या शेजारी विटेवर वीट ठेवायची तरी परवानगी लागते. विकायला काढलं तर घेणारा परकोटाकडे बघतो आणि चहा न पिताच उठतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यात मी शाळेत इतिहास शिकवतो. पोरांना परकोट दाखवायला मीच नेतो, आणि खोटं कशाला बोलू, दाखवताना माझी छाती फुगते.

गल्लीतून निघालं की मेन रोड. राजाचे हत्ती जायचे तो हाच रस्ता, असं मी पोरांना सांगतो. लाकडी सज्ज्यांची जुनी घरं अजून आहेत, पण त्यांच्यावर दुकानांच्या पाट्या एवढ्या चढल्यात की सज्जा बघायला मान मोडावी लागते. रस्त्याच्या टोकाला मोठा दरवाजा, त्यावर हत्तीला पंज्याखाली धरलेला सिंह कोरलेला. गाव परकोटाबाहेर कितीही पसरलं तरी दरवाजा आहे तेवढाच आहे. शाळेच्या बसा, ऑटो, कोळशाच्या खाणीत ड्युटीला निघालेले लोक, सगळे त्या एका कमानीत तोंड घालून हॉर्न वाजवत उभे असतात.

माझ्या मायला हा मेन रोड कधी लागलाच नाही. तिचं जाणं-येणं खिडकीतून. पलीकडे चार पावलांवर विहार आहे. संध्याकाळ झाली की पांढरं लुगडं नेसून ती एकटी निघायची, वंदना करायची, मग बायकांशी मनसोक्त गप्पा मारून परत यायची. बाबा गेल्यावर ती कोलमडली नाही, ती या एका फेरीमुळे.

मग खिडकीच्या कमानीतला एक दगड सरकला. पुरातत्त्व खात्याने लोखंडी जाळीचं दार बसवून कुलूप ठोकलं. दुरुस्ती होईपर्यंत, म्हणाले. दुरुस्ती सुरूच झाली नाही. मेन रोडने वळसा घालून जायला मायचे गुडघे तयार नव्हते. गल्लीत ऑटो शिरत नाही. मी तिला काही दिवस गाडीवर मागे बसवून नेलं. दरवाजातल्या गर्दीत ती माझा शर्ट घट्ट धरून डोळे मिटून बसायची. एक दिवस म्हणाली, मी काय पार्सल आहे काय, कोणी नेऊन पोचवाले? त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. मागच्या खोलीत पडून राहायची. विहारातल्या बायकांची आधी चौकशी यायची, पुढे तीही कमी झाली.

पावसाळा संपल्यावर खात्याचा एक नवा साहेब परकोटाची पाहणी करायला आला. पोरगेला, पुण्याकडचा, बोलायला गोड. पडझड बघत बघत आमच्या मागच्या खोलीपर्यंत आला. मायने त्याला चहा दिला आणि हात जोडले.

"साहेब, मले बाकी काई नको. तेवढी खिडकी करून द्या. इथी जीव घुसमटून राह्यला माहा."

त्याने खोलीभर नजर फिरवली. चारी बाजूंनी कोरी भिंत. तो खरंच कळवळला. "मावशी, तुमची खिडकी मी मिळवून देतो," म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि त्याने शब्द पाळला. कोणाकोणाच्या मागे लागून परवानगी काढली आणि स्वतः फोन करून आनंदाची बातमी दिली. मायने त्याच दिवशी पांढरं लुगडं निळीत घालून वाळवलं. विहारातल्या एका बाईला फोन लावून सांगितलं, की उद्यापासून येतो मी.

दुसऱ्या दिवशी साहेब आला, तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे चौकट बसवा. लाकडीच हवी, एवढी एक अट आहे."

माय लुगडं नेसून दारात उभी होती. मी त्याला बाहेर नेऊन खिडकी म्हणजे काय ते समजावलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. ते कुलूप काढणं त्याच्या हातात नव्हतं, आणि एवढ्या भल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो परकोटाचा. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्यावर थुंकावंसं वाटलं.

मिळालेली परवानगी वाया कशाला घालवायची, म्हणून खिडकी बसवली. बायको खूश झाली. कूलर ठेवायला जागा झाली. माय पलंगावर बसून चौकटीतून दिसणारे काळपट दगड बघत राहिली.

"मले जायची खिडकी पायजे होती, बापू," ती एवढंच म्हणाली. "हे पाह्यची होय."

संध्याकाळी परकोटापलीकडे विहाराचा माइक सुरू झाला. कोऱ्या भिंतीमुळे या खोलीत पूर्वी काही ऐकू यायचं नाही. आता वंदनेचा शब्द न् शब्द स्पष्ट येत होता. मला बरं वाटलं. जाणं नाही तर नाही, निदान एवढं तरी तिला मिळालं, असं मनात आलं. मायने हात जोडले आणि थोडा वेळ ओठ हलवले. मग थांबली.

"बंद कर ते," म्हणाली.

"काऊन? गरम हवा येऊन राह्यली काय?"

"नाई," माय म्हणाली. "आवाज येऊन राह्यला."