पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही

माझ्या आतेबहिणीने आजवर एकही छापील कागद अर्धवट वाचून सोडलेला नाही. त्यात औषधाच्या बाटलीबरोबरची बारीक अक्षरांची घडी आली, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू आली आणि लोणच्याच्या बरणीवरचं लेबलही आलं. ती लंडनमध्ये बँकांची वकील आहे. एका देशातली बँक दुसऱ्या देशात बंदर किंवा वीजप्रकल्प बांधायला कर्ज देते, तेव्हा त्याचे करार ती लिहिते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्याहून लहान असलेले म्हणतातच, पण तिचा दरारा असा की मोठेही म्हणतात. माझ्या लग्नाची पत्रिका छापायला जाण्याआधी तिच्या हाती लागली. ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीपुढे तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘आणलाच तर?’ माझे वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती ओळच काढून टाकली, कारण त्यांना उत्तर सुचेना.

हे खूळ तिच्यात आलं ते नानांकडून. नाना म्हणजे तिचे वडील. भडगावला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. सुट्टीत अक्का शेजारच्या स्टुलावर बसे. अर्ज लिहून झाला की तो ती मोठ्यांदा वाचून दाखवी, आणि सगळं कळलं का, असं नाना समोरच्याला विचारत, “बठ्ठं समजनं ना? मंगच अंगठा लाव.” पुढे ती भडगावहून रोज एसटीने जळगावच्या लॉ कॉलेजात गेली, बसमध्ये उभ्याने इंग्रजी कायद्याची पुस्तकं वाचत. शिष्यवृत्तीवर लंडनला गेली आणि तिथल्या वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. मी फोनवर म्हटलं, “अक्का, परत ये. जळगावात तुझी वकिली मस्त चालेल.”

“चालेल रे,” ती म्हणाली, “पण नापास होऊन नाही येणार. पास होऊन आले तर गोष्ट वेगळी.”

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. आली मात्र नाही.

मग तिला मोठ्या फर्ममध्ये नोकरी लागली. काही वर्षांनी भागीदार होण्याची तिची पाळी आली, आणि नेमका तेव्हाच एका धरणाचा करार तिच्या टेबलावर आला. सह्यांचा दिवस ठरला होता. शेवटच्या पानांतल्या नकाशांकडे कोणी बघत नाही, अक्काने बघितलं. ज्या गावाला हलवायचं नाही असं करारात लिहिलं होतं, ते नकाशात पाण्याखाली होतं. तिचे वरिष्ठ म्हणाले, नकाशा नंतर दुरुस्त करू, उद्या सह्या आहेत. अक्का म्हणाली, “मग उद्या नाहीत.” पाणी गावाच्या खालीच राहील असा नकाशा नव्याने काढेपर्यंत ती हटली नाही. सह्या लांबल्या, गाव वाचलं आणि भागीदारी दुसऱ्याला मिळाली. ती दुसऱ्या फर्ममध्ये गेली आणि पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात केली.

तिथे गेल्या वर्षी ती भागीदार झाली. त्याच्या चार महिने आधी नाना गेले होते. तिने पहिला फोन मला केला. “आईला तू समोर बसून सांग,” म्हणाली. “मला फोनवर नाही जमणार. नानांचं नाव निघेल.”

मी जळगावहून भडगावला गेलो. आत्या ओट्यावर मेथी निवडत होती. मी पेढा तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं: आता अक्का त्या फर्मची मालकीणच झाल्यासारखी आहे, तिथे आपल्याकडची दुसरी कोणी नाही. आत्याने पेढा बाजूला ठेवला.

“चांगलं झायं,” ती म्हणाली. मग तिने मेथीची पुढची काडी उचलली. “म्हंजे आता ती घर येनार नही का?”

“येईल की, आत्या,” मी म्हटलं.

तिने मेथी बाजूला सारली आणि ती उठली. “थांब,” म्हणाली, “भाकर टाकस. जेवीसन जाय.”