झेंड्याची निरगाठ
पाथर्डीच्या बाजारात झेंडूचा वास आला की मला ग्रामपंचायतीसमोरचा, ताजा गेरू-चुना लावलेला ध्वजस्तंभ दिसतो. ऊसतोडीत हयात गेलेल्या माझ्या सासूबाई तेव्हा नुकत्याच सरपंच झाल्या होत्या, आणि पंधरा ऑगस्टला दोरी त्यांनी ओढायची की सासऱ्यांनी, यावर गावात आठवडाभर कुजबुज चालली होती, गावाला दुसरं काम काय! आदल्या वर्षी झेंडा अर्ध्यावरच सुटला होता, म्हणून पाकळ्या घालून केलेल्या घडीला गाठ सासूबाईंनी स्वतःच मारली. घडी टोकाला पोचली, आम्ही सावधान उभे राहिलो, त्यांनी हिसका दिला आणि काहीच झालं नाही. हाताला सवय उसाची मोळी आवळायची, त्यामुळे सुरगाठीऐवजी निरगाठ बसली होती. दुसऱ्या हिसक्याला जुनी दोरी करकरली. ती तुटली असती तर झेंडा थेट चिखलात आला असता. मागून कुणीतरी हसलं. सासरे हात पुढे करून आले, "सोड, बाईमानसाचं काम न्हाई हे." त्यांच्याकडे न बघताच सासूबाई म्हणाल्या, "दोरीला हात लावायचा न्हाई." त्यांनी झेंडा सावकाश खाली घेतला, गाठ दातांनी सोडवली, पाकळ्या पदरात झेलल्या आणि उघडा झेंडा तसाच वर चढवला. राष्ट्रगीत सुरू झालं तरी सासऱ्यांचा हात पुढेच होता. तो त्यांनी तसाच उचलून सलामीला कपाळाशी नेला. यंदा सरपंच मी आहे. झेंडू घेताना सासूबाईंचं ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघते.