तुसातलं कासव

नवापूरला कोणालाही विचारा, मी तोंडाची किती तिखट आहे ते सांगतील. खाद्याचा ट्रक उशिरा आला की ड्रायव्हरची खैर नाही, शेडमध्ये कोणी रस्त्यावरच्या चपला घालून शिरलं की त्याची खैर नाही. आणि एकदा का मला वाटलं की यातलं मला कळतं, मग समोरच्याचं बोलणं माझ्या कानापर्यंत पोचतच नाही. हे मी आज सांगते आहे. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्यालाही चार शब्द ऐकवले असते.

आमच्या कोंबड्यांच्या दोन शेड आहेत, अंड्यांचा धंदा. गाड्या आणि व्यापारी आमचे हे बघतात, पिल्लं माझ्याकडे. एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून आली की ती माझी. जमिनीवर भाताचं तूस पसरायचं, पत्र्याचं गोल रिंगण करायचं, वर बल्ब टांगायचे. पिल्लं बल्बखाली दाटीवाटीने बसली तर त्यांना थंडी वाजते, पार पत्र्याला चिकटली तर ऊब जास्त झाली. शेडच्या दारात उभी राहून नुसत्या आवाजावरून मी सांगते, कोणत्या कोपऱ्यात कोणाची छाती भरली आहे ते. उगाच बढाई नाही मारत. वीस वर्षं दुसरं केलंय काय?

ज्या वर्षी कोंबड्यांवर रोग आला, त्या वर्षी दोन्ही शेडमधली पाखरं खड्ड्यात गेली. आजारी होती ती गेली आणि ठणठणीत होती तीही गेली, नियमच तसा होता. पांढरे कपडे घातलेली माणसं पोती भरत होती आणि मी ओट्यावर बसून होते. नंतर शेड धुतली, चुना मारला, नवी पिल्लं आली, धंदा परत उभा राहिला. पण माझ्या हातातलं काहीतरी गेलं होतं. पिल्लू उचललं की वाटायचं, तुला तरी कशाला एवढं जपू बाई? हे मी कोणाला बोलले नाही. हसले असते लोक, कोंबडीवाली कोंबड्यांसाठी रडते म्हणून.

मग एका भाद्रपदात आमच्या मावशीने ते कासव आणलं.

मावशी म्हणजे शेड झाडायला येणारी. वर डोंगराकडच्या पाड्यावरची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, कमी बोलणारी. पावसात भिजत आली आणि पदराची गाठ सोडून माझ्यापुढे धरली. तळहाताएवढं पिल्लू. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, एखाद्या सुगरणीने रांगोळी काढावी तशा. पाठीची एक कड कुत्र्याने चावून मोडलेली. डोळे सुजून मिटलेले, नाकातून बुडबुडा येत होता आणि मान लांब काढून ते तोंडाने श्वास घेत होतं.

"कुत्रं तोंडात धरून फिरत होतं, भाभी. वर, गवतात."

"वर? वर कुठे?"

"डोंगरात. हे डोंगरातच फिरतं."

"डोंगरात काय करतंय कासव? दर्शनाला गेलं होतं का?" मी म्हटलं आणि माझ्याच बोलण्यावर हसले. मावशी हसली नाही. मी तिच्या हातातून ते घेतलं, प्लास्टिकच्या टबात पाणी भरलं आणि एक दगड ठेवून त्यात सोडलं.

मी तरी दुसरं काय करणार? माझं माहेर शहादा तालुक्यात, तापीच्या काठाला. आमच्या मळ्यातल्या विहिरीत कासव होतं. पाणी स्वच्छ राहतं म्हणून आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात. केळं टाकलं की ते वर यायचं, खाऊन परत खाली जायचं. महादेवाच्या देवळातलं सोडलं तर कोरड्या जमिनीवरचं कासव मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते टबातल्या दगडावर पडून होतं, मान बाहेर लोंबत होती. कोंबड्या तपासायला डॉक्टर आले होते, त्यांच्यापुढे टब नेऊन ठेवला.

"वहिनी, मी कोंबड्यांचा डॉक्टर. कासवातलं मला ओ की ठो कळत नाही."

"छाती तर छातीच असते ना? बघा की!"

त्यांनी बघितलं. कानाजवळ धरून ऐकलं. "भरली आहे छाती. पाण्यातून काढा आधी. कोरडं ठेवा, ऊब द्या, पाण्यात अजिबात घालू नका." पिल्लांचंच औषध त्यांनी थेंबांवर मोजून दिलं. म्हणाले, जगेल याची काही खात्री नाही, आणि हे फॉरेस्टवाल्यांना कळवायला हवं. ह्यांनीही तेच म्हटलं. मी दोघांना म्हटलं, बरं होऊ दे, मग बघू.

झालं, मला जे येत होतं तेच करायचं होतं. खोक्यात तूस पसरलं, वर बल्ब टांगला, हात आत घालून ऊब बघितली. स्वयंपाकघरात खोकं ठेवलं, म्हणजे भाकरी थापताना नजर राहील. औषध पाजायचं तर तोंड उघडेना. हनुवटीखाली बोटाने खाजवलं की जरासं उघडायचं, तेवढ्यात थेंब सोडायचा. मोडलेल्या कडेला हळद भरली. मिटलेले डोळे कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसत होते. पंधरा दिवस ते काही खाईना. भोपळा किसून दिला, पपई दिली, मेथीघास दिला. "अरे खा की मेल्या," मी ओरडायचे, "माझ्या घरात उपाशी मरायची टाप नाही कोणाची!" ओरडायचे आणि मग पदर डोळ्याला लावायचे. खोक्याला कान लावला की आतली घरघर ऐकू यायची. त्या घरघरीवर माझा दिवस चालायचा, कमी असली तर स्वयंपाकात मीठ नीट पडायचं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी देवासाठी तोडलेलं जास्वंदीचं एक फूल त्याच्यापुढे ठेवलं. त्याने एक डोळा उघडला. फुलाकडे बघितलं, मान पुढे केली आणि पाकळी तोडली. मी हातातलं लाटणं टाकून शेडकडे धावत सुटले, "खाल्लं! खाल्लं हो!" ह्यांना वाटलं, कुत्र्याने कोंबडी खाल्ली. काठी घेऊनच आले बिचारे.

त्या दिवशी मला माझे हात परत मिळाले. दुसरं कसं सांगू? एवढे जीव या हातांतून पोत्यात गेले होते, आणि हा एक, कुत्र्याच्या तोंडातून आलेला, डॉक्टरने सोडून दिलेला, हा माझ्या हाताने पाकळी खात होता. याला काही मी जाऊ देणार नव्हते.

दिवाळीनंतर मावशी घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली. जायच्या दिवशी खोक्याशी बसून कितीतरी वेळ बघत राहिली. "भाभी, बरं झालं की जिथलं तिथे सोडा," म्हणाली. मी म्हटलं, "मग काय घरात ठेवून घेणार आहे? सोडीन की." आमच्या दोघींचं त्यावर एकमत झालं, असं मला वाटलं.

संक्रांतीपर्यंत घरघर पार थांबली. ते घरभर फिरायला लागलं. सकाळी ओट्यावर ऊन आलं की आपणहून तिथे जाऊन पाय पसरून बसायचं. माझ्या पायाच्या अंगठ्याला लाल रंग लावला होता, तर फूल समजून त्यालाच चावलं. मी त्याला पिलू म्हणायचे. आता हे पूर्ण बरं झालं, आता याला अडकवून ठेवलं तर पाप लागेल, असं मनात यायला लागलं. फॉरेस्टवाल्यांकडे देववत नव्हतं. नेऊन कुठल्या पिंजऱ्यात टाकतील, ही धास्ती. आमची रंगावली नदी माघातच गुडघ्याएवढी होते. तापीला मात्र बंधाऱ्याचं पाणी, काठोकाठ. पोरीला माहेरी नेतात तसं याला माझ्याच माहेरी नेऊ, महाशिवरात्रीला सोडू, असं मी ठरवलं. डॉक्टरांनी पाण्यात घालू नका सांगितलं होतं, ते छाती भरली होती म्हणून. न्युमोनिया झालेल्या लेकरालाही आपण अंघोळ घालत नाही. आता छाती मोकळी होती.

एवढं सगळं मी एकटीने, कोणाला न विचारता, अगदी बरोबर जुळवलं.

महाशिवरात्रीला सकाळी एसटीने माहेरच्या गावी उतरले, मांडीवर पिशवी, पिशवीत पिलू. आप्पा, माझे वडील, घाटावर काठी टेकत आले होते. आप्पांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना आता जेमतेम दिसतं. त्यांनी पिलूच्या पाठीवरून बोट फिरवलं. "काय देखणं शे वं! साक्षात देवना अवतार," म्हणाले. मी ताम्हन आणलं होतं. पिलूला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पुढ्यात शेवटचं जास्वंदीचं फूल ठेवलं. त्याने अर्धं खाल्लं. मग पाण्यातल्या पायरीवर उतरले आणि त्याला सोडलं.

ते वळलं आणि काठाकडे आलं. चारी पाय झपाझप मारत, मान उंच काढून, थेट माझ्याकडे. पायरीच्या दगडावर त्याची नखं खरखर वाजली. मला रडू फुटलं आणि हसूही आलं. "अरे येड्या, घर आहे ते तुझं, जा!" म्हणून मी त्याला परत आत लोटलं.

ते पुन्हा वळलं. पुन्हा तसंच. या वेळी तोंड उघडं होतं. आप्पा वरून म्हणाले, "माया लागनी त्याले तुन्ही. सोडी जावाले तयार नही." मला ते खरंच वाटलं. माझ्यावर एवढा जीव कोणी लावला होता? पण सासरी जाणारी पोर रडते म्हणून कोणी तिला ठेवून घेतं का? मी मन घट्ट केलं. पिलूला उचलून छातीशी धरलं, साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेले, आणि जिथून त्याला माझ्याकडे येता येणार नाही अशा ठिकाणी सोडून दिलं.

थोडा वेळ पाठ वर दिसत होती, चांदण्यांची. मग नाही दिसली. मी हात जोडले. काठावरच्या लोकांना पेढे वाटले.

होळीला डोंगरातला माणूस कुठेही असला तरी घरी येतोच. मावशी आली, काळवंडलेली, हाताला उसाच्या पात्याचे चिरे. आली तीच स्वयंपाकघरात शिरली. तिच्या पदरात फड्या निवडुंगाची लाल बोंडं होती, काटे दगडावर घासून काढलेली. "त्याला फार आवडतात," म्हणाली. "कुठे आहे?"

मी मोठ्या थाटात सगळं सांगितलं. एसटी, घाट, ओवाळणं, पेढे. ते दोनदा परत कसं आलं, हेही सांगितलं. मावशी खाली बसली. बोंडं तशीच पदरात.

"भाभी, त्याला पोहता येत नाही. ते पाण्यातलं नाही."

मी तिच्यावर ओरडले. देवाशपथ ओरडले. "मग तेव्हाच बोंब मारून का नाही सांगितलंस?" ती रागावली नाही. "सांगितलं होतं," म्हणाली. "तुम्ही हसलात."

ह्यांना मी मोबाइलवर बघायला लावलं. त्यांनी शोधलं, वाचलं, आणि मोबाइल उपडा ठेवून बाहेर गेले. मला मग विचारायचं काही राहिलं नाही. ते माझ्या मायेने वळत नव्हतं. ते बुडत होतं, आणि समोर मी होते म्हणून माझ्याकडे येत होतं. दोनदा ते काठाला लागलं होतं. दोनदा नखं दगडाला लागली होती. मी हात पुढे केला, तो लोटायला. भरली छाती मीच कोरडी केली आणि मीच ती पाण्याने भरली. लोक म्हणतात, अजाणता झालं. अजाणता कसं? मला सांगितलं होतं.

आप्पांना मी हे सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून फोन लावला होता, पण मी तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले. रोज सकाळी ते काठी टेकत घाटावर जातात. आवाजात केवढा आनंद!

"आज दिखनं वं तुन्हं कासव. मुंडकं वर काढं. चांगलं मोठं व्हयी गे."

मी भिंतीला टेकले.

"ऐकी ऱ्हायनी ना?"

"हो आप्पा," मी म्हटलं. "काठाकडे आलं का?"

"नही. मजामा शे तठेच, खोल पानीमा."

"मग राहू द्या," मी म्हटलं. "त्याला हाक मारू नका."